तपासलं की निघतंच!

गोराईच्या वर्ल्ड बँकेच्या प्लॉटांवर दर दोन-तीन सोसायट्यांमागे असे एक काका सापडतातच. "माझा आजवर एकही रिपोर्ट खराब आलेला नाही," ते छाती पुढे काढून सांगतात. ते अगदी खरं असतं. आजवर त्यांनी एकही रिपोर्ट काढलेला नसतो.

काका आळशी आहेत असं मात्र कोणी समजू नये. १९८०च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत त्यांनी एका खोलीवर मजला चढवला, तोही हप्त्याहप्त्याने. ओल या विषयातले ते अधिकारी पुरुष. एप्रिलमध्ये छतावर बोटभर डाग दिसला की मेमध्ये वॉटरप्रूफिंगवाला गच्चीत हजर. "आत्ता थोडक्यात भागतंय. जूनमध्ये स्लॅब फोडायला लागेल," हे ते साऱ्या गल्लीला ऐकवतात.

दुसऱ्याच्या दुखण्याला तर काका वाऱ्यासारखे धावतात. भगवती हॉस्पिटलमध्ये केसपेपर कुठे काढायचा, रिक्षा कुठल्या गल्लीतून घालायची, सगळं तोंडपाठ. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या पोराच्या पायाला खरचटलेलं दिसलं, की त्याला दारातच अडवतात. "लेप्टोची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. चहा नंतर, आधी डॉक्टरकडे जा!" शेजारच्या आजींचं तोंड एका सकाळी वाकडं झालं, जीभ जड झाली. घरचे म्हणाले, जरा पडू दे, बरं वाटेल. काका कडाडले, "पडू दे काय? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांतच देतात!" आणि आजींना उचलून रिक्षात बसवलं. त्या आजी आता बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करतात.

स्वतःच्या बाबतीत मात्र प्रत्येक लक्षणाला काकांकडे साक्षीदार तयार. रात्री तीनदा उठावं लागतं? पाणी जास्त पितो. वजन उतरलं? चालण्याचा गुण. तळपायाला मुंग्या येतात? बीचवर अनवाणी फिरलो होतो. परवा जेट्टीकडे जाताना एक चप्पल पायातून कधी निसटली ते त्यांना कळलंच नाही. काकांनी चप्पल कंपनीला दोष दिला आणि नवा जोड आणला.

या सगळ्यामागे एक सिद्धांत आहे. "तपासलं की निघतंच! आमच्या साहेबांचंच बघा. धडधाकट माणूस, चेकअपला गेला आणि शुगर निघाली." जणू लॅबवाल्यानेच ती सुईतून आत सोडली.

आम्ही हसतो, पण काकांची खरी अडचण वेगळी आहे. इतरांना नेता-आणता त्यांनी इतकी वर्षं वॉर्डाबाहेरच्या बाकांवर काढली आहेत, की रिपोर्टनंतर काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे: कुणाचा अंगठा काढला, कुणाचं डायलिसिस सुरू झालं. मात्र त्यांना तिथे भेटले ते सगळे उशिरा आलेले. वेळेवर गेलेला माणूस एक गोळी घेऊन घरी जातो, तो बाकावर बसलेला दिसणार कुठून?

काकूंना हे सारं पुरतं माहीत. एका सकाळी त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, गरगरतंय. मला दवाखान्यात कोण नेणार?" काका शर्टाची बटणं लावतच जिना उतरले. महापालिकेने २०२२पासून सुरू केलेल्या 'आपला दवाखान्या'त तपासणी फुकट, हेही त्यांनीच वाटेत सांगितलं. आत गेल्यावर काकूंनी केसपेपर पुढे केला. त्यावर नाव काकांचं!

वरचं प्रेशर १७२ निघालं.

"मशीन बिघडलंय," काका म्हणाले. बिचाऱ्या सिस्टरने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून दाखवला. १०४. जन्मभर अकाउंट्समध्ये घालवलेल्या काकांनी क्षणभर डोळे मिटले. "एकशे बहात्तर आणि एकशे चार. सरासरी एकशे अडतीस. म्हणजे एकशे चाळीसच्या आत!"

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण मुरलेल्या. "सरासरी आवडते ना काका? मग ही टेस्टही करून टाकू. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरीच सांगते ही. चार दिवस जिलबी बंद ठेवून हिला फसवता येत नाही."

काकांनी सुईकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि शेवटी आशेने सिस्टरकडे.

"यांचंही रक्त घेणार ना?"