घेणाऱ्याचं नाव : मामा

शिरोली एमआयडीसीत पार्सल कुणाचंही असो, ते शेवटी मामांकडं जातं. शोधायचं असतं ते एवढंच, की कुठल्या मामांकडं.

मोबाइलवर संदेश येतो, 'पार्सल पोचलं.' खाली वेळ, आणि त्याखाली 'घेणाऱ्याचं नाव : मामा'. इकडं परचेसचा पोरगा स्टोअर, ऑफिस आणि साहेबांचं टेबल धुंडाळून दमलेला असतो. तो कुरिअरवाल्याला फोन लावतो.

"भावा, आमचं पार्सल कुणाकडं दिलंयस?"

"मामांच्याकडं."

"कुठल्या मामांच्या?"

"गेटवरच्या."

"कुठल्या गेटवरच्या?"

"निळ्या."

वसाहतीतली निम्मी गेटं निळी आहेत. उरलेली एकेकाळी निळी होती, आता गंजली आहेत.

एजन्सीच्या कागदावर हा माणूस 'सिक्युरिटी गार्ड' असतो. पण कोल्हापुरात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर वॉचमन म्हणायची पद्धत नाही. तो मामा. साहेबांचाही मामा, हेल्परचाही मामा आणि गंमत म्हणजे स्वतःपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या ट्रक ड्रायव्हरचाही मामा. वय साठीच्या अलीकडंपलीकडं. उमेदीची वर्षं कुठल्यातरी फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्यात काढलेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा मालकानं उचलून गेटवर बसवलं. एजन्सीची कडक टोपी केबिनमधल्या खिळ्याला, डोक्यावर घरची पांढरी. हातात 'पुढारी', टेबलावर इनवर्डचं रजिस्टर, रजिस्टरवर चष्मा आणि चष्म्याच्या शेजारी चुन्याची डबी. केबिनच्या कोपऱ्यात एक बाकडं. त्या बाकड्याखाली वसाहतीतल्या सगळ्या चुकलेल्या पार्सलांचा मुक्काम असतो.

दारात आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, असे संस्कार या पिढीवर झालेले. मामा ते इतके मनापासून पाळतात की भरल्या हातानं आलेल्या कुरिअरवाल्यालाही रिकाम्या हातानं पाठवतात. तो बिचारा सांगली फाट्यापासून उन्हात पत्ते विचारत आलेला असतो. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. तो फक्त विचारतो, "मामा, ही कंपनी कुठं आली?"

मामा खोकं हातात घेतात, लांब धरतात, जवळ धरतात. "ही व्हय? मागच्या गल्लीत, ट्रान्सफॉर्मरच्या पुढं, डाव्या अंगाला. पर आता जेवणाची सुट्टी असंल रं. कुणी घ्यायचं न्हाई. ठेव हितं, मी देतो."

पत्ता शंभर टक्के बरोबर असतो. पोरगं दोन मिनिटांत तिथं पोचलं असतं. पण मामांना त्याच्या पाठीवरचं ओझं बघवत नाही. आणि त्यालाही पुढं नागाव फाट्यापर्यंत जायचं असतं. दोन भल्या माणसांनी एकमेकांची सोय बघितली की तिसऱ्याचं मशीन बंद पडतं.

ओटीपी आला तेव्हा वाटलं होतं, आता हे थांबेल. थांबलं नाही. कुरिअरवाला गेटावरून मालकाला फोन करतो. मालक शहरात बँकेत बसलेला असतो. "गेटवर आलोय सर, ओटीपी सांगा." मालक सांगतो. गेट शेजाऱ्याचं आहे हे त्याला बँकेतून कसं दिसणार? चार आकडे अचूक, गेट चुकीचं, आणि कुरिअर कंपनीच्या लेखी व्यवहार पूर्ण.

अर्थात सगळा दोष मामांवर घालणं बरं नाही. इथले पत्ते बघितलेत का? एक प्लॉट, त्यात चार शेड, एकात मालक आणि बाकीच्यांत भाडेकरू. बाहेरची पाटी दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कंपनीची, कारण पाटी चांगली लोखंडी आहे आणि काढायला कटर लागतो. त्यात नावं. निम्मी वसाहत अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या आशीर्वादानं चालते, त्यामुळं देवाचं नाव तेच, फक्त शेपूट वेगळं : इंजिनिअरिंग, इंजिनिअर्स, इंडस्ट्रीज, एंटरप्रायझेस. भावाभावांत वाटण्या झालेल्या असल्या तर युनिट एक आणि युनिट दोन. ही दोन युनिटं एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकमेकांची पार्सलं मात्र नियमानं घेतात.

पत्त्यांच्या असल्या घोळावरच 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोडाचा उतारा निघाला. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, यातून टपाल खात्याला वाट काढायची होती. ती काढली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. हे गृहस्थ खात्यात मोठे अधिकारी आणि खात्याबाहेर संस्कृत कवी. अख्खा देश सहा आकड्यांत बसवायचं वृत्तात श्लोक बसवणाऱ्यालाच सुचावं, असं मला आपलं वाटतं. 416122 हे सहा आकडे पार्सलाला बिनबोभाट शिरोलीपर्यंत आणतात. सातवा आकडा नाही. तिथून पुढं मामा. आता 2025 मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन काढलाय. जवळपास चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता. मामांची केबिन त्यात आरामात मावते. सगळ्यांनी थेट तिथंच पार्सलं मागवली तर मधला घोळ तरी वाचेल.

मामांचं खरं रूप पार्सल घेताना दिसत नाही, देताना दिसतं. घेताना चौकशी शून्य, देताना सीबीआय.

परचेसचा पोरगा चारदोन निळी गेटं पालथी घालून बरोबर ठिकाणी पोचतो.

"मामा, आमचं पार्सल आलंय काय हितं?"

'पुढारी' खाली येत नाही. "कोण म्हणायचं आपण?"

पोरगा कंपनीचं नाव सांगतो.

"कंपनीचं न्हवं. आपलं."

नाव सांगतो.

"गाव?"

"वडणगे."

"वडणग्यात कुणापैकी?"

इथं पोरगा कळवळतो. आत सीएनसी उभं आहे, ऑपरेटर हात बांधून बसलाय, संध्याकाळी डिस्पॅच आहे, आणि इथं घराण्याचा उतारा निघतोय. पण इलाज नसतो. चुलत्याचं नाव निघतं, चुलत्याची सासुरवाडी निघते, तेव्हा कुठं 'पुढारी'ची घडी होते.

"काय हाय त्यात?"

"इन्सर्ट."

"म्हंजे?"

"टूलला लावायचं कार्बाइडचं पातं, मामा. नखाएवढं असतंय. दहाचं खोकं."

मामा बाकड्याखाली वाकतात. तंबाखूची पुडी, भाकरीचं फडकं आणि कुणाचंतरी हेल्मेट बाजूला करून साबणाच्या वडीएवढं खोकं काढतात. ते देत नाहीत. तळहातावर ठेवतात आणि हात दोनदा हलकेच वरखाली करतात. फेटलिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा हात म्हणजे काटा असतो. कास्टिंग उचललं की किलो सांगायचा, वाळू अडकली असली तर तेही सांगायचा.

"एवढंसं खोकं आणि ह्ये वजन? बीड न्हवं ह्ये."

"कार्बाइड हाय मामा. लोखंडाच्या दुप्पट जड असतंय."

"मग बरोबर," मामा म्हणतात. आकारमान आणि वजन जुळलं. कुरिअर कंपनीनं बारकोड, फोटो, ओटीपी एवढं सगळं करून जी ओळख पटवली नाही ती मामांनी तळहातावर पटवली. टंगस्टन कार्बाइड खरोखरच लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. पोरगं खोटं बोललं असतं तर तिथंच सापडलं असतं.

मग सही. इनवर्डच्या रजिस्टरात नव्हे, ते कंपनीचं. मामांची यासाठी वेगळी वही असते, नातवाच्या गृहपाठातून उरलेली. रकाने स्वतः आखलेले : कुणाचं, कुणी ठेवलं, कुणी नेलं. 'कुणाचं' या रकान्यात 'मागच्या शेडचं', 'दाढीवाल्याचं', 'पुण्याच्या पार्टीचं' अशा नोंदी. एका ठिकाणी नुसतंच 'म्हाईत न्हाई, जड'.

1872 च्या भारतीय करार कायद्यात या वहीसाठी जागा आहे. कलम 72 सांगतं, चुकून हाती आलेली वस्तू परत केली पाहिजे. मामा ती करतातच. सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्याला कलम 168 आणखी एक सवलत देतं. आपल्या त्रासाचे पैसे मिळावेत म्हणून त्याला दावा लावता येत नाही, पण ते मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. आता मामांना वस्तू सापडलेली नसते, चालत आलेली असते. तो बारकावा वकिलांनी बघावा. व्यवहारात मामांचा हक्क एका चहात फिटतो. चहा पाजला नाही तर पुढच्या खेपेला वडणग्याच्या चुलत्याचा चुलता काढावा लागतो.

कलम 169 मात्र मामांनी स्वतःच्या अर्थानं लावलंय. नाशवंत माल खराब होणार असेल तर सापडणाऱ्यानं तो विकावा, अशी त्यात मुभा आहे. खावा असं कुठं म्हटलेलं नाही. पण दिवाळीच्या आठवड्यात सप्लायरांकडून मिठाईचे पुडे येतात आणि त्यातले काही चुकीच्या गेटवर उतरतात. मालक दोन दिवस फिरकत नाही. मामा दोन दिवस वाट बघतात. तिसऱ्या दिवशी वहीत नोंद पडते, 'पेढे. वास येत होता.' येणारा वास चांगला होता की वाईट, हे लिहिलेलं नसतं.

याच मामांची दुसरी बाजूही बघितलेली आहे. कोल्हापूरच्या आसपास दोन शिरोल्या आहेत. ही हातकणंगले तालुक्यातली पुलाची, आणि करवीर तालुक्यातली दुमाला. पत्त्यात नुसतं 'शिरोली, कोल्हापूर' लिहिलं आणि पिन मोबाइलनं आपल्या मनानं भरला की दुमाल्याची वस्तू पुलाच्या शिरोलीत येते. असंच एक मऊ पार्सल एकदा फाउंड्रीच्या गेटवर आलं. आत बाळाची झबली असावीत, दाबून कळत होतं. कुरिअरवाल्याचा हिशोब सरळ होता : वर नोंद करतो, पार्सल मागं हबला जाईल, तिथून परत निघेल, चार-आठ दिवस जातील.

"आठ दिवसात बाळ वाढतंय का कमी हुतंय?" मामांनी विचारलं.

त्यांनी बटणाचा फोन काढला. पावण्यांच्या पावण्यांतला कुणीतरी दुमाल्यात निघाला. मामांची ड्यूटी संपायच्या आत तिकडं निघालेली एक दुधाची गाडी सापडली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर झबली बसली आणि त्याच रात्री बाळाच्या घरी पोचली. कुरिअर कंपनीचा मामला मात्र तिथून बिघडला. त्यांच्या नोंदीत पार्सल 'परतीच्या वाटेवर' होतं. दोन दिवसांनी एक मुलगा ते न्यायला आला. मामांनी सांगितलं, पोचलं. तो म्हणाला, पोचलं कसं, अजून निघालंच नाही. या मुद्द्यावर दोघांत बराच वेळ वाद झाला, आणि मला वाटतं अजून दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीपाशी रस्ता बंद झाला, ट्रकांच्या रांगा लागल्या. वसाहतीतल्या मामांच्या बऱ्याच केबिन त्या दिवसांत गोदाम झाल्या. त्याबद्दल मामा फारसं बोलत नाहीत. एका ड्रायव्हरनं कोंबडी सांभाळायला दिली होती, तेवढं सांगतात. तिचं पुढं काय झालं हे विचारलं की पुन्हा 'पुढारी' वर जातो.

अखेर एका कंपनीत मॅनेजर नवा आला. पुण्याचा, शिस्तीचा. त्याचं स्वतःचं एक कुरिअर दोन दिवस शेजारच्या मामांकडं बसून होतं, तेव्हा त्यानं आपल्या गेटवरच्या मामांना समज दिली आणि केबिनच्या काचेवर लॅमिनेट केलेला कागद चिकटवला : 'इतर कंपन्यांचे पार्सल स्वीकारू नये. हुकुमावरून.' दुपारी नेहमीचं पोरगं आलं, घामानं निथळत, हातात मागच्या शेडचं खोकं. मामांनी बोटानं कागद दाखवला.

"वाच."

पोरग्यानं वाचला. तोंड पाडलं. पिशवी परत खांद्यावर चढवायला लागला.

मामांनी चष्मा लावला आणि कागद स्वतः एकदा सावकाश वाचला.

"ह्यात पार्सल म्हणलंय. तुझ्या हातात काय हाय?"

"खोकं."

"मग?"