पोह्यांचा वेळ धरायचा की नाही?

नागपुरात कुणी नवी सायकल घेतली की पूर्वी लोक विचारायचे, "कितीची?" आता विचारत नाहीत, कारण आकडा ऐकून विचारणाऱ्यालाच घाम फुटतो. आता विचारतात, "कोणत्या अ‍ॅपवर आहे तू?" सावजी कुणाकडचं चांगलं यावरून या गावात जेवढी भांडणं होतात, त्याच्या खालोखाल नंबर हल्ली या प्रश्नाचा लागतो.

आमचा गट पहाटे साडेपाचला झिरो माइलच्या खांबाशी जमतो. गटात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, गणिताचे सर आहेत, दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत आणि माझा पुतण्या आहे. पुतण्या आमच्याबरोबर येतो तो त्याच्या भाषेत 'रिकव्हरी राइड'ला. म्हणजे खरा व्यायाम त्याने आदल्या दिवशी केलेला असतो, आणि आमच्याबरोबर जे होतं ती विश्रांती. आमची छाती ज्या चढावर भात्यासारखी चालते, तिथे हा फोनवर बोलत असतो.

गाव सायकलवाल्यांचं झालं त्याला कारण आहे. आमच्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर. दुसऱ्या वर्षी ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला गेले, नऊ हजारांहून जास्त किलोमीटर, सायकलनेच. तेव्हापासून नागपुरातला कुणीही माणूस हेल्मेट घालून कोराडीपर्यंत जाऊन आला की सोसायटीचा वॉचमन विचारतो, "साहेब, अमेरिका कधी?"

तर अ‍ॅप. पुतण्या स्ट्राव्हाचा. त्याच्या मते जे स्ट्राव्हावर नाही ते घडलंच नाही. तिथे रस्त्याचे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्यावर सगळ्यात जोरात कोण गेला याची यादी लागते. सेमिनरी हिल्सचा चढ, फुटाळ्याचा काठ, काटोल रोडचा एखादा सरळ पट्टा, सगळीकडे कुणी ना कुणी राजा होऊन बसलेला आहे. ही पूर्ण यादी कंपनीने २०२० च्या मे महिन्यात पैसे भरणाऱ्यांपुरती केली. काकांना आपला नंबर कितवा हे दिसेनासं झालं, आणि त्यांची तब्येत सुधारली असं काकू सांगतात.

पण खरी गंमत यादीत नाही, 'कुडोज'मध्ये आहे. तुमची राइड दिसली की दुसऱ्याने अंगठा दाखवायचा. हा सगळा व्यवहार लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा चालतो. कुणी किती दिले ते लक्षात ठेवायचं, तेवढेच परत करायचे, आणि नाही केले तर पुढच्या वेळी चौकात तोंड फिरवलेलं दिसतं. काका बँकेतले. ते रात्री झोपण्यापूर्वी सगळी देणी चुकती करतात. कोण कुठे गेला, किती गेला, पाहत नाहीत. अंगठा, अंगठा, अंगठा, दिवा बंद.

डॉक्टरीणबाईंना हे पटत नाही. त्या कोमूटवाल्या. हे जर्मन अ‍ॅप रस्ता आखून देतं, आणि आखताना डांबर कुठे संपतं, माती कुठे सुरू होते तेही सांगतं. नकाशा त्याने ओपनस्ट्रीटमॅपचा घेतलाय, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी फुकट भरलेला. आता नकाशा हौशी लोकांनी भरला, की जिथे हौशी लोक राहतात तिथे तो दाट असतो. धरमपेठेतली बोळ अन् बोळ त्यात सापडते. हिंगण्याच्या पुढे गेलं की एक रेघ असते, आणि ती रस्ता आहे, पांदण आहे की कुणाच्या संत्र्याच्या बागेचं कुंपण आहे हे प्रत्यक्ष गेल्यावर कळतं. बाईंनी आम्हाला एकदा अशा रेघेवरून नेलं. शेतकरी बांधावर उभा होता. म्हणाला, "काहून, इकडं कुठं?" बाईंनी फोन दाखवला. तो म्हणाला, "त्याले विचारा मंग, विहीर कुठं हाय ते. पुढं कठडा नाही तिले."

सर मात्र वही लिहितात. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तारीख, कुठून कुठे, वारा कसा होता, रस्त्यात काय खाल्लं. एंडोमोंडो नावाचं एक डॅनिश अ‍ॅप होतं, मोठी कंपनी, जगभर लोक वापरायचे. ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद झालं. ही बातमी गटात आली तेव्हा सगळे हळहळले. सरांनी फक्त एवढंच लिहिलं, "माझा सर्व्हर कपाटात आहे. वरून दुसरा कप्पा."

आता मुद्दा उंचीचा. प्रत्येक अ‍ॅप राइड संपल्यावर सांगतं, आज तुम्ही एकूण इतके मीटर चढलात. पुण्याच्या माणसाला ही ओळ वाचून बरं वाटत असेल, त्याच्याकडे सिंहगड आहे. आमच्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि त्यानंतर उड्डाणपूल. तरीही काकांच्या फोनवर एका रविवारी वाडीपर्यंतच्या राइडमध्ये एवढी चढाई दिसली की अर्धा महाबळेश्वर झाला असता.

याचा छडा सरांनी लावला. झिरो माइलच्या दगडावर १९०७ साल कोरलेलं आहे, आणि त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही: १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हापुढे तीन आकडे, तेही दगडात. म्हणजे साधारण ३११ मीटर. सरांनी सगळ्यांचे फोन त्या दगडाशी नेऊन ठेवले. एक म्हणाला तीनशेच्या आत, एक म्हणाला सव्वातीनशे, आणि पुतण्याचा महागडा फोन उभ्या उभ्या मत बदलत होता. कारण सरळ आहे. फोन वीसेक हजार किलोमीटर वरच्या उपग्रहांकडून वेळ घेतो, निदान चार उपग्रह दिसले की गणित करून आपली जागा काढतो. त्यात आडव्या अंतरात पाच-दहा मीटरची चूक चालून जाते. उभ्या अंतरात ती त्याहून मोठी असते, आणि प्रत्येक वर-खाली डुलणं हिशेबात 'चढ' म्हणून जमा होतं. काका एका जागी उभे राहूनही चढू शकतात.

ज्या सर्वेक्षणाशी आमच्या या दगडाचं नातं आहे, ते १८०२ मध्ये मद्रासकडे विल्यम लॅम्ब्टनने सुरू केलं. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, शंभर फुटी पोलादी साखळी, आणि मोजत मोजत उत्तरेकडे. वीस वर्षं मोजून झाल्यावर म्हातारा हैदराबादेहून नागपूरला यायला निघाला आणि २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे. नागपूर तिथून पाऊणशे किलोमीटर. पुतण्याने ही हकिगत ऐकली आणि हळहळून म्हणाला, "डीएनएफ." त्यांच्यात राइड अर्धवट सोडणाऱ्याच्या नावापुढे असं लिहितात.

वर्धा रोडवर तर उपग्रहांचीही पंचाईत होते. अजनी चौकापासून विमानतळाकडे जाताना डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्या डोक्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा हा दुमजली पूल, गिनीज बुकात नाव गेलेला. आम्ही सायकलवाले सगळ्यात खाली. फोनला आभाळच दिसत नाही, सिग्नल खांबांवर आपटून येतो, आणि राइड संपल्यावर नकाशात पाहावं तर आपण छत्रपती नगरला एका घरात शिरून मागच्या दाराने बाहेर पडलेलो असतो. त्यातून नकाशा सपाट. पुलावरून गेलेला आणि पुलाखालून गेलेला, दोघांची रेघ एकच. वरचा सिग्नलशिवाय सुसाट सुटतो, खालचा तीन सिग्नलला उभा राहतो, आणि यादी मात्र दोघांची एकत्र.

मेट्रोचंही तसंच. नागपूर मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं, ही फार सभ्य सोय आहे. काका एकदा खापरीहून उन्हामुळे सायकलसकट गाडीत बसले आणि सीताबर्डीला उतरले. अ‍ॅप बंद करायचं राहिलं. त्या दिवशी सकाळी नागपुरातले कित्येक तरुण आपापल्या फोनकडे पाहून खचले असतील. सदुसष्ट वर्षांचा माणूस वर्धा रोडवर सत्तरच्या वेगाने गेला, तोही स्टेशनागणिक थांबत! संध्याकाळपर्यंत कुणीतरी तक्रार केली आणि ती राइड यादीतून निघाली. काकांचं म्हणणं, "मी सायकल सोडली का? नाही. हात हँडलवरच होता."

पण आमचं खरं भांडण या कशावरूनच नाही. ते आहे पोह्यांवरून.

नागपुरात पहाटे सायकल काढणाऱ्या माणसाला शेवटी कुठे जायचं असतं हे सांगायला उपग्रह लागत नाही. तर्रीची कढई जिथे असेल तिथे. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा, वरून चिवडा, कांदा, लिंबाची फोड, आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. दुसरी प्लेट मागताना मालक न विचारता तर्री वाढवतो. या कार्यक्रमाला चाळीस मिनिटं लागतात. बोलणं निघालं तर तास.

आता बहुतेक अ‍ॅपमध्ये 'ऑटो-पॉज' असतो. सायकल थांबली की घड्याळ थांबतं. त्यामुळे राइडचे दोन वेळ निघतात, एक चालत्या चाकाचा आणि एक घरून निघाल्यापासूनचा. लोकांना मोठ्या अक्षरात दिसतो तो पहिला. पोहे गायब!

"काका, मूव्हिंग टाइम पाहून राहिलो मी तुमचा. तो तास कुठं गेला?"

"पॉज होता ना बाप्पा."

"म्हणजे पोहे खाल्लेच नाही तुम्ही?"

"खाल्ले. पण ते राइडमध्ये नाही येत."

"मंग राइड कशासाठी काढली होती?"

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. मग ऑटो-पॉज बंद करून पाहिला. तेव्हा नवीनच निघालं. फोन टपरीवर ठेवला तरी नकाशातला ठिपका जागच्या जागी थरथरत राहतो, आणि प्रत्येक थरथर अंतरात मिळवली जाते. काका पोहे खाता खाता तीनशे मीटर गेले. दुसरी प्लेट घेतली असती तर व्हरायटी चौकात पोहोचले असते.

या बाबतीत ब्रेव्हेवाल्यांचा नियम मला पटतो. फ्रेंचांच्या ऑडॅक्सच्या धर्तीवर ज्या लांब पल्ल्याच्या राइडा होतात, त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास, ६०० ला ४०. घड्याळ सुरू झालं की सुरू. चहा त्यात, पंक्चर त्यात, झाडाखाली काढलेली झोप त्यात. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि शिक्का मारायला माणूस नसेल तर एटीएममधून शंभर रुपये काढून पावती जपायची, तिच्यावर जागा आणि वेळ छापलेली असते. काका हे ऐकून सद्गदित झाले. आयुष्यभर बँकेत गेलं, पण एटीएमची पावती कुणी जपून ठेवतो हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरीणबाईंना मात्र वेळेपेक्षा पत्त्याची काळजी. त्यांनी घराभोवतीचा भाग नकाशात लपवून ठेवलाय. बरोबरच आहे. एखादा माणूस रोज पहाटे एकाच फाटकातून निघतो, तिथेच परततो, सायकल कोणती तेही लिहितो, आणि हे सगळं जाहीर करतो. चोराला आणखी काय हवं? २०१८ च्या जानेवारीत तर याहून मोठा गोंधळ झाला होता. स्ट्राव्हाने जगभरच्या धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या रेघा एकत्र करून एक चमकता नकाशा काढला, आणि लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात जिथे काहीच नाही असं सांगितलं जातं, तिथेही कुणीतरी रोज गोल गोल धावतंय. सैनिकी तळ उघडे पडले. आमचा फुटाळ्याचा रस्ता वायुसेनानगरच्या जवळून जातो, म्हणून पुतण्याला चिंता वाटली. सर म्हणाले, "आपल्या रेघा पाहून शत्रूला एवढंच कळेल की नागपुरात एक फार महत्त्वाची टपरी आहे."

रस्ता कसा सांगावा याचा उत्तम नमुना खरं तर आमच्या शेजारीच आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत आमच्या महामहोपाध्याय मिराशींनी मोठ्या नेटाने मांडलं. तिथला यक्ष ढगाला अलकेपर्यंतची वाट सांगतो. कुठे डोंगरावर टेकायचं, कोणत्या नदीचं पाणी प्यायचं, विदिशेला काय पाहायचं, सगळं क्रमाने. आणि उज्जैन वाटेत नसतानाही वाट वाकडी करून जा म्हणतो, कारण तिथले वाडे आणि तिथल्या बायकांचे डोळे पाहिले नाहीत तर जन्म फुकट. अंतराचा आकडा कुठे नाही, सरासरी वेग नाही, आणि थकलास की वाटेत विसावा घे असं यक्ष स्वतःच ढगाला सांगतो, विरहात असूनसुद्धा. असं अ‍ॅप कुणी काढलं तर मी वर्षाचे पैसे आगाऊ भरेन.

तोवर मी एक फुकटातलं ठेवलंय. त्यात एकूण वेळ मोठ्या अक्षरात आणि चाकाचा वेळ बारीक अक्षरात करून घेता येतो, एवढ्या एका गुणावर निवडलं. ते मला हळू म्हणतं. पोह्यांसकट हळू म्हणतं, हे महत्त्वाचं.

आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकला जायचं ठरलंय. डॉक्टरीणबाईंच्या अ‍ॅपने शेतातून वाट काढली आहे. पुतण्याच्या अ‍ॅपने हायवे दिला, कारण तिथे राजा व्हायचे तुकडे जास्त. सरांनी वहीतून वाचून दाखवलं: कामठी, कन्हान, मनसर, मनसरला उजवीकडे. काल रात्री काकांचा गटात निरोप आला, "झिरो माइल, पहाटे पाच. पोहे माझ्याकडून. मात्र या वेळी सगळ्यांनी एकच अ‍ॅप घ्यावे, ही विनंती." खाली चार उत्तरं आली. त्यात तीन अ‍ॅपच्या तीन लिंका होत्या, आणि सरांनी वहीच्या पानाचा फोटो टाकला होता, तोही आडवा.