गुडघ्याखाली चार बोटं

समुद्र बघून "पाणी भरलंय" म्हणणारा माणूस तुमच्याही टूरमध्ये असणारच. तुमचा कदाचित "आमच्या चिपळूणला" म्हणत असेल, नाहीतर "आमच्या डोंबिवलीला". माझ्या वाट्याला "आमच्या हिंदमाताला" म्हणणारे काका आले. डिसेंबरातली अंदमानची सहल, सगळे जोडीजोडीनं आलेले, एकटे असे आम्ही दोघंच. टूर मॅनेजरनं बसमध्ये, बोटीत, जेवणाच्या टेबलावर आणि खोलीत आम्हाला एकमेकांच्या गळ्यात बांधलं आणि तो सुटला.

काका मुंबईत परळजवळच्या, दर पावसाळ्यात पाण्यात जाणाऱ्या हिंदमाताच्या कापडबाजारात ४४ वर्षं काउंटरवर. राहायला मागच्याच चाळीत. अंगात पांढरा सफारी, हातात लांब दांड्याची काळी छत्री. डिसेंबरात छत्री कशाला, असं चेक-इनलाच विचारलं तर म्हणाले, "पाऊस विचारून येतो का?" पुढच्या सहा दिवसांत पावसाचा थेंब पडला नाही, पण छत्री हातातून खाली आली नाही.

त्यातला एकच दिवस सांगतो, बाकीचे त्याच्यासारखेच होते.

टूरचा नियम नेहमीचा, ६-७-८. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. काका सव्वापाचलाच अंघोळ करून माझ्या उशाशी उभे. "उजाडलं." खरंच उजाडत होतं. अंदमानात घड्याळ मुंबईचं असलं तरी सूर्य बंगालच्या उपसागरातला. पहाटे पावणेसहाच्या सुमारास हजर, संध्याकाळी पाचच्या सुमारास पसार. "आमच्या हिंदमाताला असा सूर्य असता," काका म्हणाले, "तर दिवे लावून धंदा करायला लागला असता. साडीचा रंग ट्यूबलाइटमध्ये कळत नाही." दिवसातली ही पहिली हिंदमाता. मी मोजायचं ठरवलं आणि जेटीवर पोचेपर्यंत नाद सोडला.

अबर्डीन जेटीवरून बोट सुटली तेव्हा समोर निळंहिरवं पाणी पसरलेलं. सगळ्यांचे मोबाईल बाहेर. काका कठड्याला टेकून जेटीच्या खांबावरची शेवाळाची रेघ बघत होते. "भरती इथपर्यंत येते. म्हणजे मांडी." काकांच्या लेखी पाण्याची खोली मीटरमध्ये नसते. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, कंबर. मधली मापं बोटांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, हे आपल्याला पाठ आहे. काकांना पाठ आहे ती दुकानातली तिसरी फळी. "दुसऱ्या फळीपर्यंतचा माल गेला. तिसरीवर बनारसी होती. वाचली."

पहिलं बेट रॉस. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. साहेबानं इथे राजधानी थाटली होती. बेकरी, चर्च, नाचायचा हॉल, सगळं होतं. आता भिंती आहेत आणि भिंतींना विळखा घालून बसलेली झाडांची मुळं. ठाण्याचे निवृत्त बँकवाले भारावून म्हणाले, "निसर्गानं साम्राज्य गिळलं!" काकांनी छत्रीचं टोक एका मुळाला लावून बघितलं. "आमच्या चाळीच्या गॅलरीतून पण असाच पिंपळ आलाय. तिकडं तिकीट लावत नाहीत." बँकवाले दिवसभर आमच्या बाजूला फिरकले नाहीत.

तिथेच एका बाईंनी विचारलं, "काका, बेटावर पहिल्यांदाच आलात?"

"बेटावरच जन्मलो," काका म्हणाले. "परळ. सातातलं एक. साहेबानं मधल्या खाड्या बुजवल्या, पण पाण्याला कळवायचं राहून गेलं. ते अजून जुन्या पत्त्यावर येतं."

हे बोलणं मला आवडलं, हे त्यांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर दुपारपर्यंत अजून चार ऐकावी लागली असती. तशीही ऐकावी लागलीच. महापालिकेनं २०२१ मध्ये हिंदमाताचं पाणी साठवायला सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधायला घेतल्या, त्याची हकीकत मी काचेच्या तळाच्या बोटीत, प्रवाळाच्या डोक्यावर बसून ऐकली. खाली पिवळेजर्द मासे चाललेले आणि काका सांगतायत, "पावसाच्या पाण्याला परळला जागा मिळाली. गिरणी कामगार अजून फॉर्म भरतायत." नावाडी हिंदीत "ब्रेन कोरल, ब्रेन कोरल" म्हणून ओरडत होता. काकांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "पंप कुठे बसवलाय?"

हे नॉर्थ बे. इथला दीपगृहाचा देखावा जुन्या लाल वीसच्या नोटेवर आहे, म्हणून प्रत्येक ग्रुप ती नोट हातात धरून फोटो काढतो. आमच्यात जुनी नोट एकट्या काकांकडे निघाली. मळकी, कडेला तपकिरी डाग. "गल्ल्यातली. पाच सालची. इस्त्री करून वाळवली होती." छत्तीस माणसांनी ती नोट आळीपाळीनं धरून फोटो काढले. घरोघरच्या अल्बमात आता अंदमानच्या समुद्रासमोर हिंदमाताचा डाग आहे.

मग खरा तमाशा झाला. सगळे पाण्यात उतरले. काकांनीही सफारी गुडघ्यापर्यंत दुमडली आणि छत्री घेऊन उतरले. पण चालणं बघा. पाऊल उचलायचं नाही, वाळूवर घासत पुढे न्यायचं. त्याआधी छत्रीनं पुढची जमीन टोचायची, डावीकडे, उजवीकडे, मग मधे. इतकं नितळ पाणी, तळाची शिंपली दिसत होती, आणि हे गृहस्थ आंधळ्यासारखे चाचपडत चाललेले. पोरं हसायला लागली. एकानं व्हिडिओ काढला. मीही हसलो. "काका, समुद्रात मॅनहोल नसतं हो!"

"माहितीय," काका म्हणाले, आणि पुढची जमीन टोचली.

दुपारी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललेलं, सातातल्या तीन शाखा उरलेल्या. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणसांची रांग असतेच, आमचीही लागली. कोणी डोळे पुसले, कोणी सेल्फी काढला, काहींनी दोन्ही केलं. काका आत गेले आणि मी कान बंद करून घेतले. आता "आमच्या हिंदमाताच्या चाळीतली खोली" येणार. काकांनी दोन्ही हात पसरले, काउंटरवर कापड मोजतात तसे, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेले, बाहेर आले.

"साडेपाच मीटरची साडी उलगडत नाही आत," म्हणाले. नंतर चहा होईपर्यंत गप्प.

अंधार पडला, ध्वनिप्रकाश कार्यक्रमासाठी खुर्च्यांवर बसलो. सुरू व्हायला वेळ होता, म्हणून चिडवायला विषय काढला तो मीच. ते छत्रीनं टोचायचं काय प्रकरण आहे?

"२९ ऑगस्ट २०१७," काका म्हणाले. त्या दिवशीही मुंबई बुडाली होती. एल्फिन्स्टनजवळ एक मोठे डॉक्टर गाडी सोडून पायी घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. दोन दिवसांनी वरळीला सापडले. आठवत होतं मला. आपल्या सगळ्यांना आठवतं, पेपरात वाचल्यासारखं.

"पाणी उतरावं म्हणून झाकणं उघडतात. कोणाची चूक म्हणायची? पण गढूळ पाण्यात दिसत नाही ना. तेव्हापासून हिंदमाताला पाणी भरलं की मी उघड्या मॅनहोलपाशी उभा राहतो. बांबू रोवतो, वर लाल ब्लाउजपीस. मालक ओरडतो. पण भरलेल्या पाण्यात साडी घ्यायला कोण येतंय?"

"दिवसभर उभे?"

"पोटरीच्या खाली येईपर्यंत."

पुढे काय बोलावं सुचेना. तेवढ्यात दिवे गेले आणि तुरुंगाच्या आवारातला पिंपळ ओम पुरींच्या आवाजात बोलायला लागला. पहिल्या पाच मिनिटांत काका झोपले, छत्री मांडीवर आडवी. घोरणं ऐकून पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून बघितलं. मी त्यांना उठवलं नाही.

परतल्यावर काही आमचं येणंजाणं वाढलं नाही. माणूस डोक्याला ताप आहे, त्यात फरक पडलेला नाही. जुलैत एका दुपारी पाऊस लागला आणि मी फोन केला. मागे हॉर्न आणि पाण्याचा खळखळाट. "गुडघ्याखाली चार बोटं," ते ओरडले. "मासे नाहीत!" आणि फोन ठेवला.

या पावसात हिंदमाताला अडकलात, तर पाऊल उचलू नका, घासत चाला. पाण्यात बांबू दिसला आणि त्यावर लाल ब्लाउजपीस, तर दोन हात लांबून जा. शेजारी पांढऱ्या सफारीतले गृहस्थ असतील. त्यांना अंदमानबद्दल काही विचारू नका.