वीसपैकी तेरा!

माय बाई, ऐकलं का? आमच्या गल्लीतल्या एका पोट्ट्याले दहावीत 62 टक्के पडले! बासष्ट! बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतली ही बातमी रुळांपलीकडं नव्या वस्तीत पोचायला अर्धा तासही लागला नाही.

शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. "पेपरच्या टायमाले ताप होता का त्याले?"

92 वाल्यांची चर्चा आता कोण करतो? चौकातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर एवढी तोंडं दाटली आहेत, की स्वतःचा पोरगा हुडकायला आईला चष्मा लागतो. परवा एक बाई रडवेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "आमच्या पोट्टीले 94च पडले." आमच्या काळी 60 टक्क्यांवर पोराला सोयरीक यायची हो!

आणि हा मुबलकपणा आपोआप आलेला नाही बरं. शाळेच्या हातात भाषेचे वीस-वीस गुण असतात, तोंडीचे. त्या परीक्षेत पोरगं तोंड उघडो न उघडो, वीस जागेवर! 2019 साली मंडळानं हे वीस काढून घेतले, तर राज्याचा निकाल 89.41 वरून थेट 77.10 वर आपटला. केवढा आकांत! सीबीएसईची पोरं अकरावीच्या जागा पळवतील, म्हणून पुढच्याच वर्षी वीस परत, आणि निकाल 95.30. 2021 मध्ये तर करोनामुळं लेखी परीक्षाच झाली नाही, तेव्हा 99.95. म्हणजे परीक्षा आड आली नाही, तर आमची पोरं किती हुशार आहेत बघा! 2024 मध्ये 187 जणांना शंभर टक्के, त्यातले 123 एकट्या लातूर विभागाचे. (तिकडच्या पाण्यात काय आहे, देव जाणे. आमच्या वऱ्हाडात नुसता फ्लोराइड आणि खारेपणा.)

बरं, एवढ्या गुणांवर आईबापांचा तरी विश्वास? निकालाचे पेढे एका हातात आणि क्लासच्या फीचा पहिला हप्ता दुसऱ्या हातात. सीईटी कोण काढून देणार, शाळा?

पण खरी भानगड पुढंच आहे. 62 वाला महापालिकेच्या शाळेतला. त्याला तोंडीत मास्तरांनी तेरा दिले. वीसपैकी तेरा! का, तर पोराला तेवढंच आलं म्हणे. गल्ली पेटली. "घरचे देत होते का? सरकारी शाळेत मास्तरंच असे, मंग कोन पाठवनार पोट्टे?" एकानं तक्रार करायचीही भाषा केली.

काकू मात्र मघापासून गप्प होत्या. गिला वडा संपवून, हात पुसत हळूच म्हणाल्या, "कोन्ते मास्तर होय हे? आमच्या धाकट्याले त्यायचीच शिकवनी लावून टाकतो."