हमी कॅपची, दाताची नाही

रूट कॅनाल झालं, झिर्कोनियाची कॅप बसली, की त्या दाताशी आपला संबंध संपला असं आपण समजतो. पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड फ्रिजच्या बिलाशेजारी फाइलला लागतं आणि ब्रश त्या कोपऱ्यात फिरकायचा बंद होतो. कॅपला कुठे कीड लागते?

खरंच लागत नाही. लागते ती कॅपच्या कडेखाली, हिरडीपाशी, जिथे अस्सल दात सुरू होतो. नस आधीच काढलेली, म्हणून ठणकाही नाही. सगळा कारभार बिनबोभाट. मग एके दिवशी सुपारी फोडताना कॅप हातात येते आणि आत दाताच्या जागी काळा भुगा. मालक कार्ड फडकावत दवाखान्यात. डॉक्टर शांतपणे बारीक अक्षरं वाचून दाखवतात: हमी कॅपची आहे, दाताची नाही. आणि कॅप तर ठणठणीत आहे!

हे टाळायला लागतं काय? दोन वेळा ब्रश, कडेने फ्लॉसचा दोरा, झोपेत दात खाणाऱ्यांना नाइटगार्ड आणि नियमित तपासणी. पण कॅपला हजारो मोजल्यावर फ्लॉसला वर शे-दोनशे कोण घालणार? तात्पुरत्या कॅपवर चिक्की चावायची, कायमच्या कॅपने सोड्याचं बूच उघडून दाखवायचं; त्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात का?