न केलेल्या खर्चाचं उद्घाटन

नगराध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "कुठल्या पक्षाकडून?"

"काटकसरीच्या," मी म्हटलं.

"म्हणजे अपक्षच," असं म्हणून सौ.ने चहाखालचा गॅस बारीक केला. माझ्या उमेदवारीवरची कौटुंबिक चर्चा एवढीच.

जाहीरनामा एककलमी होता. गावाचा पैसा घरच्या पैशासारखा जपून वापरायचा. आमच्या क वर्ग नगरपरिषदेत हा विषय आजवर कुणी विषयपत्रिकेवर घेतलेला नाही, 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरातही नाही. वास्तविक त्या सदरात काय मावत नाही! सभागृहातला चहा निवायच्या आत ठरावांची अख्खी चळत 'सर्वानुमते मंजूर' होते आणि आपण नेमकं काय मंजूर केलं हे सन्माननीय सदस्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातून कळतं.

मला ही उपरती झाली ती पेव्हर ब्लॉकमुळे. आमच्या गल्लीत लाल ब्लॉक होते. चांगले होते, माझी स्कूटर साक्षीला आहे. फेब्रुवारीत ते उखडले आणि मार्चमध्ये पिवळे बसवले. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "निधी परत गेला असता." आमच्याकडे निधी परत जाणं म्हणजे मांडवातून वरात माघारी जाण्याइतकं अशुभ. शिवाय काम एक नव्हतं, तीन होती: 'मारुती मंदिर ते पिंपळ', 'पिंपळ ते दवाखाना' आणि 'दवाखाना ते गल्लीचा शेवट'. अख्खा रस्ता निविदेच्या मर्यादेत मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे पाडावे लागतात. भाकरी खातानाही आम्ही तेच करतो. लाल ब्लॉक कुठे गेले म्हणाल, तर दिवाळीत एका माजी पदाधिकाऱ्यांच्या शेतघराच्या वाटेवर आमच्याच गल्लीतला एक भेटला. पोरांनी ऑइलपेंटने मारलेली क्रिकेटची रेघ त्यावर अजून शाबूत होती.

प्रचाराला मी आधी तरुण मंडळात गेलो. अध्यक्षांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, तुम्ही काय देणार?"

"हिशेब देणार."

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकाने प्रामाणिक शंका काढली, "तो खायचा का लावायचा?"

मी पुढे केलेल्या अंदाजपत्रकाकडेही कुणी पाहिलं नाही. वास्तविक ते मोठं विनोदी वाङ्मय आहे. दरवर्षी 'कोणतीही करवाढ नसलेलं शिलकी अंदाजपत्रक' सादर होतं. जमेच्या बाजूला शासनाची अनुदानं, ती आशेवर येतात. खर्चाच्या बाजूला विजेचं बिल, ते दर महिन्याला येतं. आणि तळाशी शिल्लक काही हजार, ती कुणालाच कधी दिसत नाही. घरपट्टी थकवली तर दरमहा २ टक्के शास्ती लागते, पण जाणता नागरिक अभय योजनेची वाट बघत स्वस्थ बसतो. वेळेवर भरणाऱ्याला गावात 'साधा माणूस' म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

कोपरा सभेत मी थेट इतिहासात शिरलो. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार, म्हणून स्वागतासाठी १,००० रुपये खर्चायचा ठराव आला. माना डोलवणाऱ्या सभेत विरोधाला जोतीराव एकटे. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, म्हणाले. श्रोत्यांतल्या एका आजींनी विचारलं, "मग?"

"मग ठराव मंजूर झाला."

आजींनी माझ्याकडे कणवेने बघितलं. मत कुणाला पडणार, ते त्या नजरेत लिहिलेलं होतं.

काटकसर सांगायलाही खर्च येतो, हे मला त्या दिवसांत कळलं. २०२५च्या या निवडणुकीत क वर्गातल्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला साडेसात लाखांची खर्चमर्यादा होती. चहा, वडापाव, हार, फेटा, खुर्ची, सगळ्यांचे दर ठरलेले आणि हिशेब रोजच्या रोज द्यायचा. मी इमानदारीने लिहायचो, 'चहा २, मी आणि सूचक'. खिडकीतला लिपिक कळवळून म्हणाला, "काका, एवढा कमी खर्च दाखवला की वर संशय येतो हो."

इतरांच्या बाबतीत वर कुणाला संशय आला नाही. गावात दहा दिवस डीजे थांबला नव्हता, हॉटेलांच्या मागच्या दाराने रस्सा वाहत होता. निकालानंतर ३० दिवसांत हिशेबाची विवरणपत्रं दाखल झाली, तेव्हा सगळे उमेदवार मर्यादेच्या आत! एकाने तर हजारभर माणसांची रॅली चाळीस चहांत उरकली होती. सार्वजनिक पैसा जपणारा नेता गावाला मिळत नाही, हे साफ खोटं आहे. असे नेते आहेत, फक्त ते त्या विवरणपत्रात राहतात.

मला ६१ मतं पडली. आमच्या वाड्यातच मतदार ६४ आहेत, त्यामुळे घरगुती चौकशी चालू आहे. अनामत जप्त झाली, म्हणजे निदान सरकारी तिजोरीत भर घालून मी बाहेर पडलो.

पराभवाचं कारण आता समजतं. केलेल्या खर्चाला फीत असते, नारळ असतो, कोनशिला असते. न केलेल्या खर्चाचं उद्घाटन करता येत नाही. 'येथील रस्ता चांगला असल्याने अमुक यांच्या शुभहस्ते उखडण्यात आला नाही' असा फलक मी तरी अजून पाहिलेला नाही. आणि आम्हालाही काम दिसावं लागतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याला आम्ही दानशूर म्हणतो आणि मिठाई आपल्याच ताटातली होती हे विसरतो.

परवा नव्या सभागृहाच्या बैठकीचा वृत्तांत आला. माझ्या प्रचाराची दखल घेण्यात आली आहे. ऐनवेळच्या विषयांत, सर्वानुमते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'काटकसर चौक' मंजूर झाला. कमान, कारंजं, रोषणाई आणि अर्थातच नवे ब्लॉक, या खेपेला निळे.

मी संतापलो आणि मग मला पुण्याची मंडई आठवली. तिच्यावर एवढा पैसा घालू नका, शिक्षणाकडे बघा, असं जोतीराव म्हणत होते. मंडई उभी राहिलीच, तिला गव्हर्नर रे यांचं नाव लागलं, आणि पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली. खर्चाला विरोध करणाऱ्या एवढ्या मोठ्या माणसाला खर्चाने असं पोटात घेतलं, तिथे माझी काय कथा!

बातमी सौ.ला वाचून दाखवली. तिने नीट ऐकून घेतलं.

"कमानीवर रात्रभर दिवे असतील ना?"

"असणार."

"मग आपला बाहेरचा बल्ब काढून ठेवा," ती म्हणाली.