ऑइलकाका

परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळात काही पात्रं ठरलेली असतात. दिवाळीला नाटक बसवणारे एक, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक, ज्याला त्याला आत्ताच घर घेऊन टाकायला सांगणारे एक. आमचं कोलंबस ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे. इंडियानातलं, जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. तिथे हे सगळे आहेतच, शिवाय ऑइलकाका आहेत.

नवीन माणूस मंडळात आला की बाकीचे त्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि आडनावावरून जे काढायचं ते मनात काढून घेतात. काका थेट मुद्द्यावर येतात. "गाडी कुठली? ऑइल सिंथेटिक घालतोस की साधं?" त्या बिचाऱ्याला वाटतं, काका ओळख वाढवतायत. काका साठा मोजत असतात. या गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली की चार-पाच लिटर जळकं ऑइल निघणार आणि ते आपल्याकडे येणार, अशी त्यांच्या वहीत नोंद होऊनसुद्धा जाते. गावातल्या मराठी माणसांपैकी कोणाचे किती मैल झाले, हे त्या माणसाला ठाऊक नसेल, काकांना असतं. माझ्या नवऱ्याला वाढदिवसाला त्यांचा फोन आला. शुभेच्छा दिल्या, केक कुठून आणला ते विचारलं आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पाच हजार झाले असतील ना रे आता?"

हे ऑइल काका गाळतात आणि आपल्या ट्रकच्या टाकीत ओततात. ट्रक त्यावर चालतो. हसू नका, खरंच चालतो.

ट्रक म्हणजे १९९६ सालचा डॉज रॅम, पुढे केबिन, मागे हौदा. बाहेरून त्याचा रंग नेमका कोणता यावर मतभेद आहेत. पण काका बाहेरून बघतच नाहीत. आत कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, बारा व्हॉल्व्हचं इंजिन आहे. ही कंपनी आमच्याच गावची, १९१९ साली इथे निघालेली. १९६२ साली तिने किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला. तेव्हापासून कोथरूड ते कोलंबस अशी इंजिनियरांची ये-जा सुरू आहे. काका त्यातलेच. दोन वर्षांसाठी म्हणून आले, रिटायर होऊन इथेच राहिले. "मी या इंजिनाच्या गावात राहतो, लोक माझ्या गावचं इंजिन वापरतात," असं ते म्हणतात. कुठलं गाव ते विचारू नये. गप्पांच्या ओघात ते कधी कोथरूड असतं, कधी कोलंबस.

आमचं कोलंबस तसं बघायला लोक लांबून येतात. सारिनेन बाप-लेकांनी बांधलेली चर्चं आहेत, आय. एम. पेईंनी बांधलेली लायब्ररी आहे, तिच्यासमोर हेन्री मूरची भली थोरली ब्राँझची कमान आहे. भारतातून पाहुणे आले की काका त्यांना हौसेने फिरवायला नेतात. कमानीसमोर पाहुणे फोटो काढत असताना काका बॉनेट उघडून उभे. "कमान नंतर बघा. आधी हा पंप बघा."

पंप मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. बॉशचा, सहा सिलिंडरांना सहा प्लंजर, एका रांगेत, सगळं यांत्रिक. आत ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. या पंपाला वंगण इंजिनाच्या ऑइलचं मिळतं, तो इंधनाच्या भरवशावर नसतो, म्हणून घट्ट, मळकं काहीही दिलं तरी गुमान पुढे ढकलतो. १९९८ साली याच इंजिनाला चोवीस व्हॉल्व्ह आले आणि पंप इलेक्ट्रॉनिक झाला. त्या पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. त्याला जळकं ऑइल पाजलं तर तो मान टाकतो. काकांच्या लेखी जगाची घसरण त्या वर्षापासून सुरू होते. "अठ्ठ्याण्णवनंतर काही धड बनलं नाही," हे वाक्य ते इंजिनांबद्दल बोलतात, हिंदी गाण्यांबद्दल बोलतात आणि एकदा जावयाच्या पिढीबद्दलही बोलले.

जावयाकडे विजेवरची गाडी आहे. गोरा आहे, सज्जन आहे, वरण-भात हाताने खातो. काकांची तक्रार एवढीच: "मुलगा चांगला आहे, पण त्याच्याकडून काही निघत नाही."

या सगळ्याचं मूळ दापोडीत आहे. काकांचे वडील एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. घरात जळक्या ऑइलचा डबा कायम असे. वाशांना वाळवी लागू नये म्हणून ऑइल, बिजागरी कुरकुरली की ऑइल, सायकलच्या चेनला ऑइल, शेजारी स्लॅब पडायचा असला की सेंट्रिंगच्या फळ्यांना ऑइल. त्या घरात काळं झालेलं ऑइल संपलेलं नसायचं, त्याची फक्त बदली व्हायची. असा मुलगा अमेरिकेत आला आणि त्याने पाहिलं, की इथली माणसं गाडीखाली भांडं धरतात, ऑइल काढतात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन देतात. फुकट! तो दिवस काका अजून विसरलेले नाहीत.

आता कृती. ऑइल आलं की काका आधी दोन बोटांत घेऊन चोळतात, हुंगतात आणि डोळे मिटतात. नाडी बघणाऱ्या वैद्याच्या चेहऱ्यावर असतं ते गांभीर्य त्यांच्या चेहऱ्यावर येतं. "दुधाळ दिसतंय. कूलंट उतरलाय. हेड गॅस्केट बघून घे." मंडळाच्या खजिनदारांनी हे हसण्यावारी नेलं. महिन्याभरात त्यांची गाडी हायवेवर वाफा सोडत उभी राहिली. तेव्हापासून ते काकांकडे ऑइल घेऊन जातात ते देवळात नारळ न्यावा तशा मुद्रेने, दोन्ही हातांत बरणी धरून.

मग ऑइल ड्रममध्ये नुसतं ठेवायचं, आठवडेच्या आठवडे, गाळ खाली बसेपर्यंत. मग वरचं वरचं उपसून पाणी तपासायचं. तापलेल्या तव्यावर थेंब टाकायचा. चर्र वाजलं तर पाणी आहे, गप्प बसला तर ऑइल पास. यासाठी काकांनी काकूंचा तुळशीबागेतला लोखंडी तवा गॅरेजमध्ये नेला. काकूंनी आतून चर्र ऐकलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा आपला नवरा काहीतरी रांधतोय असं वाटून त्या कौतुकाने बघायला गेल्या. त्यानंतरचा संवाद काका सांगत नाहीत. घरात आता दोन तवे आहेत आणि गॅरेजमधल्याला काकू हात लावत नाहीत.

गाळण्याची पद्धत आता सुधारली आहे, पण सुरुवातीचा काळ जुन्या जीन्सचा होता. पँटच्या दोन्ही पायांना खाली गाठ मारायची, कंबरेत कडी अडकवून आढ्याला टांगायची आणि वरून ऑइल ओतायचं. डेनिमचं कापड दाट, रात्रभरात थेंब थेंब करून ऑइल खालच्या ड्रममध्ये उतरतं. एकदा मुलगी कॉलेजमधून मैत्रिणीला घेऊन रात्री उशिरा आली. गॅरेजचं दार वर गेलं. अंधारात आढ्याला दोन जाड पाय लोंबत होते आणि त्यांतून काहीतरी काळं ठिबकत होतं. मैत्रीण पुन्हा त्या घरी आलेली नाही. काकांना त्या प्रसंगाचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने: दचकून तिने ड्रमला लाथ मारली होती.

पुढे त्यांनी सेंट्रिफ्यूज घेतलं. गरगर फिरवून बारीक काजळी आणि धातूचा कीस बाजूला काढणारं यंत्र. मग तेल तापवायचा हीटर, मग पंप, मग पाच मायक्रॉनचे फिल्टर. फुकटच्या इंधनाचा हिशोब ते वहीत ठेवतात: तारीख, किती गॅलन, त्या दिवशी पंपावरचा भाव. जून २०२२ मध्ये इथे डिझेल गॅलनला साडेपाच डॉलरच्या वर गेलं, तेव्हाचं पान ते आल्यागेल्याला काढून दाखवतात. यंत्रांचा खर्च त्या वहीत नाही. "ते भांडवल." गॅरेजमध्ये जाणारे शनिवार-रविवार? "वेळ काय, जातोच." काकूंचं अर्थशास्त्र थोडक्यात आहे: "यांचं डिझेल फुकट, मला साबण विकत."

गाळलेलं ऑइल तसंच घालत नाहीत. पातळ व्हायला त्यात डिझेल मिसळतात, थंडीत जरा जास्त. टाक्या दोन. गाडी सुरू करायची डिझेलवर, इंजिन तापलं की खटका दाबून ऑइलवर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची. नाहीतर थंड झालेलं ऑइल पंपात आणि नोझलमध्ये गोठून बसतं. हे पथ्य काका कधी मोडत नाहीत. परिणाम असा, की कोणाच्याही घरी पोचले तरी ते लगेच थांबत नाहीत. पाइपातलं ऑइल संपून डिझेल येईपर्यंत गल्लीला फेऱ्या मारतात. आमच्याकडे आता रीतच पडली आहे. ट्रकचा आवाज आला की चहाचं आधण ठेवायचं, दुसऱ्या फेरीला दूध घालायचं, तिसऱ्या फेरीला दार उघडायचं.

आणि व्याख्यान. चहाबरोबर ते असतंच. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चाललं, कशावर? "शेंगदाण्याच्या तेलावर!" इथे ते बशी खाली ठेवतात. अमेरिकन लष्कराच्या जुन्या अडीच टनी ट्रकांना मल्टिफ्युएल इंजिन होतं, डिझेल घाला, रॉकेल घाला, विमानाचं इंधन घाला, कुरकुर नाही. असा एक ट्रक घ्यायचा त्यांचा विचार आहे. काकूंचा विचार वेगळा आहे.

यात एक अडचण आहे आणि ती मला काकांच्या प्रेमापोटी दडवता येत नाही. इंजिनाच्या ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम घातलेलं असतं. ते डिझेलसारखं जळून जात नाही; त्याची राख होते. थोडी नोझलवर बसते, बाकीची धुराड्यातून बाहेर, म्हणजे तुमच्या-आमच्या नाकात. मंडळात उत्सर्जन विभागात काम करणारा एक तरुण आहे. तो एकदा काकांना म्हणाला, "काका, एक गॅलन जळक्या ऑइलपासून पुन्हा अडीच क्वार्ट नवं ऑइल काढता येतं. तेवढंच खनिज तेलातून काढायचं तर बेचाळीस गॅलन लागतं. जाळता कशाला? परत द्या ना." काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "तुझी गाडी कुठली रे?"

कराच्या बाबतीत मात्र ते चोख आहेत. रस्त्यावर जाळलेल्या डिझेलवर इथे गॅलनमागे २४.४ सेंट केंद्रीय कर आहे आणि इंधन गॅरेजमध्ये गाळलेलं असलं म्हणून तो माफ होत नाही. काका फॉर्म भरतात, स्वच्छ अक्षरात. एसटीतल्या माणसाचा मुलगा विनातिकीट जात नाही.

गेल्या जानेवारीत इंडियानापोलिसच्या देवळातून परत येताना हायवेवर ट्रक आचके देऊन थांबला. फिल्टर चोक. बाहेर बर्फ, वारा. काका खाली उतरले ते जवळजवळ आनंदाने, कारण सीटमागे नवा फिल्टर, पाने, चिंध्या, टॉर्च असं सगळं अशाच दिवसासाठी तर ठेवलेलं असतं. मागे निळे-लाल दिवे लागले. पोलीस आला. काकूंनी शालीतून हात बाहेर काढून अंगारा स्वतःलाच लावून घेतला. पण पोलीस शेतकऱ्याचा मुलगा निघाला. त्याच्या वडिलांकडे हेच इंजिन, चौऱ्याण्णवचं. मग काय! टॉर्च त्याने धरला, पाना काकांनी फिरवला, पंपावरून बोलणं सुरू झालं ते पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेलं. काकू केबिनमध्ये प्रसादाचा शिरा एकट्याच संपवत बसल्या. निघताना पोलिसाने काकांचा नंबर घेतला. वसंतात तो पाच गॅलनच्या दोन बादल्या घेऊन आला, भरलेल्या.

गणपती आणायचा असतो तेव्हा ट्रक काकांचाच, कारण एवढा हौदा दुसऱ्या कोणाकडे नाही. त्या दिवशी काका पंपावर जाऊन डॉलर मोजून शुद्ध डिझेल भरतात. मी एकदा विचारलं, देवाला का वेगळं? "अगं, त्याचे पाहुणे मागून चालत येतात, झब्बे पांढरे असतात."

अलीकडे मात्र काका काळजीत आहेत. एकामागून एक घरात विजेवरच्या गाड्या येतायत. गिअरबॉक्सचं लाल तेल ते हल्ली घेऊ लागलेत, पण ते निघतं किती? परवा दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलच्या स्वयंपाकघरात बटाटेवड्यांचा घाणा चालू होता. काका कढईजवळ हात मागे बांधून उभे होते. वडे बघत नव्हते.

"तेल कुठलं वापरलंय?"

"शेंगदाण्याचं," वडेवाल्या वहिनी म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटले. "मग हे नंतर..."

"नाही!" काकू हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या; त्यांना कसं ऐकू गेलं देव जाणे.

"अगं, पण..."

"त्यात बेसन आहे!"

"पाच मायक्रॉनचं फिल्टर आहे माझ्याकडे," काका वहिनींना हळूच म्हणाले, आणि बरणी आणायला ट्रककडे निघाले.